गडग्यातली वाट

बातमी आली तेव्हा मिस्त्रीच्या मांडीवर एक दगड होता आणि तो कुठल्या अंगानं बसवावा याचा विचार चालला होता. हातात दगड असताना मिस्त्रीला काही सांगायला जाऊ नये. घराला आग लागली म्हणून सांगितलं, तरी तो आधी दगड बसवील, वरून हाताची थाप मारून हलतो का बघेल आणि मग विचारील, "कुठं लागली म्हणालात?" त्याच्या मेहुण्याला हे पुरतं ठाऊक होतं. पण मेहुण्याच्या पोटात बातमी टिकत नसे.

"दाजी, कॉलेज फुकट झालं," मेहुणा म्हणाला. फाट्यावरच्या टपरीवरून तो किटलीतून चहा घेऊन आला होता आणि घाईघाईत निम्मा चहा वाटेत सांडून आला होता.

मिस्त्रीनं दगड फिरवला. बसवला. थाप मारली. दगड हलला नाही.

"कुणाला फुकट झालं?"

"सगळ्यांना. सरकारी कॉलेजात आता फी नाही. टपरीवर रेडिओ सांगत होता."

गडग्याच्या पलीकडं मिस्त्रीची बायको घमेल्यात भरीचे दगड भरत होती, ती थांबली. त्यांची लेक, धाकली, दगडांच्या ढिगापाशी उकिडवी बसली होती, ती मात्र थांबली नाही. उलट ती जरा जास्तच जोरात दगड निवडायला लागली. तिनं शाळा संपवली होती, चांगले गुण मिळवले होते आणि आता पुढं काय, हा विषय घरात कुणी काढत नव्हतं.

"चहा ओत," मिस्त्री म्हणाला.

गडगा म्हणजे नुसत्या दगडांची भिंत. माती नाही, चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड बसतो, शेजारच्या दगडाला खांदा देतो आणि उभा राहतो. गेल्या वर्षीच्या पावसानं या भागातले निम्मे गडगे लोळवले होते. जिकडंतिकडं गुरं दुसऱ्याच्या पिकात शिरत होती आणि माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. ज्यांना मिस्त्रीची वर्षानुवर्षं आठवण झाली नव्हती, ते आता सकाळीच दारात येऊन बसत. काम उदंड होतं, हात मोजके होते. मिस्त्री रचायचा, बायको आतली भर घालायची, मेहुणा पहारीनं दगड हलवायचा आणि बोलायचा. आणि धाकली चिपा शोधायची. मोठ्या दगडांच्या सांध्यात बसणारा लहान दगड म्हणजे चिप. धाकली फटीकडं एकदा बघायची आणि ढिगातून बरोबर तिच्या मापाचा दगड उचलून द्यायची. तशी नजर मिस्त्रीलाही नव्हती, आणि हे तो कुणाला सांगत नसे.

हा गडगा एका बागाईतदाराचा होता. माणूस वाईट नव्हता, पण कामावर उभं राहून बोलायची त्याला भारी हौस. सकाळीच त्याचं आणि मिस्त्रीचं वाजलं होतं. विहिरीजवळ गडग्याला एक खिंडार होतं, ते बागाईतदाराला बुजवून हवं होतं. मिस्त्रीनं हात आखडता घेतला. खिंडार बुजवायच्या आधी, इथून कोण जातं, हे विचारायचं, अशी त्याच्या वडिलांची शिकवण होती.

"कोण जाणार? शेळ्या," बागाईतदार म्हणाला होता.

"एकदा घरात विचारून या, मालक."

बागाईतदार तणतणत घरी गेला आणि खाली मान घालून परत आला. खिंडारातून त्याची आईच जात होती, रोज दुपारी, पलीकडच्या मळ्यातल्या मैत्रिणीकडं गप्पा मारायला. आणि खिंडार बुजवलंस तर जेवणार नाही, असं म्हातारीनं सांगितलं होतं. मग मिस्त्रीनं तिथं अरुंद फट ठेवली. म्हातारी आडवी होऊन जाईल, म्हैस जाणार नाही. ही गोष्ट मेहुण्यानं चहा आणायला जाताना टपरीवर पोचवलीही होती.

दुपारी सगळे सावलीत जेवायला बसले तेव्हा बागाईतदार पुन्हा आला. फीची बातमी त्याच्याही कानावर गेली होती.

"हे काही बरं नाही केलं सरकारनं," तो म्हणाला. "फुकट मिळालं की माणसाला किंमत राहत नाही. माझ्या थोरल्या भावानं पोराची फी भरली तेव्हा पोरगं घाबरून अभ्यास करायचं. आता काय, कुणीही उठेल आणि कॉलेजात जाऊन बसेल. मग दगड कोण उचलणार?"

"तुम्ही आहात की, मालक," मिस्त्रीची बायको म्हणाली. तिनं मान वर केली नाही, कांदा सोलत राहिली.

मेहुण्याला ठसका लागला. बागाईतदार हसला, कारण न हसून सांगतो कुणाला. मग त्यानं मिस्त्रीलाच मध्ये घेतलं. "तू सांग मिस्त्री. फुकटचं घ्यावं का?"

"घेऊ नये," मिस्त्री म्हणाला.

धाकलीनं डब्याचं झाकण लावलं, उठली आणि ढिगाकडं निघून गेली.

मिस्त्री हे वरवर बोलला नव्हता. फुकट या शब्दाचं त्याला खरोखरच वावडं होतं. कुणाच्या घरी चहा प्यायला तर निघताना तो दारातली डुगडुगणारी पायरी बसवून जायचा. पायरी ठीक असली तर दगडी पाटा ठाकठीक करायचा. तेही नसलं तर अस्वस्थ होऊन अंगणात फिरायचा. गावातले निम्मे उंबरे असे चहावारी दुरुस्त झालेले होते, आणि ज्यांची पायरी हलत होती त्या बायका त्याला मुद्दाम चहाला बोलवत.

संध्याकाळी घरी आल्यावर धाकली हात धुवत बराच वेळ मोरीत उभी राहिली. दगडाची पूड नखात जाते ती लवकर निघत नाही. मग ती तशीच ओल्या हातांनी बाहेर आली.

"बाबा, मला जायचंय कॉलेजला."

"जा की. फी भरून जा."

"फी घेतच नाहीत ते," बायको आतून म्हणाली.

"मग कशाला जायचं? आपण काय भिकारी आहोत?"

"सगळ्यांनाच माफ आहे हो. तुमच्या एकट्याच्या झोळीत टाकतायत का?"

अडचणीत आला की मिस्त्री ओळंब्याची दोरी गुंडाळायला घेई. आताही त्यानं ती घेतली आणि गुंडाळलेलीच दोरी सोडून पुन्हा गुंडाळली.

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती घरात सगळ्यांना ठाऊक होती. थोरला मुलगाही हुशार होता. त्यालाही प्रवेश मिळाला होता. तेव्हा फी होती आणि मिस्त्रीजवळ ती नव्हती. आज देतो, उद्या देतो करत मुदत निघून गेली. थोरला एक शब्द बोलला नाही. ट्रकवर क्लीनर म्हणून गेला आणि आता ट्रक चालवत होता. महिन्यातून एखाद्या वेळी घरी यायचा, हसायचा, आईला चिडवायचा, निघून जायचा. त्याचं ते हसणं मिस्त्रीला आत कुठंतरी लागायचं. आणि आता सरकार म्हणत होतं की जे थोरल्याला मिळालं नाही ते फुकट घ्या. मग थोरल्याचं जे गेलं त्याचं काय? हे मिस्त्रीला कुणाला तरी विचारायचं होतं, आणि विचारायला कुणी सापडत नव्हतं.

बायकोनं शेवटी थोरल्यालाच फोन लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवून नवऱ्यासमोर धरला. तिकडून ट्रकची घरघर ऐकू येत होती.

"बाबा, हे काय चालवलंय तुम्ही?"

"काही नाही. तू जेवलास का?"

"जेवण राहू दे. मी पावसात भिजलो म्हणून हिनं छत्री उघडायची नाही का?"

मिस्त्रीनं दोरीला आणखी एक वेढा दिला.

"तुम्हाला फुकट नको ना, मग काहीतरी देऊन या. पण तिला पाठवा. नाहीतर मी ट्रक घेऊन येतो आणि तिला माल म्हणून पोचवतो."

धाकली हसली. त्या दिवसभरात ती पहिल्यांदाच हसली होती, आणि मिस्त्रीनं दोरी बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी बापलेक कॉलेजला गेले. मेहुण्याच्या ओळखीचा एक टेंपो तिकडं जात होता, त्यानं त्यांना मोठ्या रस्त्यावरच्या फाटकाशी सोडलं. मिस्त्रीनं धुतलेला सदरा घातला होता, पण वहाणा कामावरच्याच होत्या, त्यामुळं गुळगुळीत फरशीवर तो जाईल तिथं पांढरी पावलं उमटत होती. तो अवघडून गेला. भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागला, तर तिथंही उमटली.

खिडकीत एक कारकूनबाई बसल्या होत्या. मागं रांग होती. बाईंनी धाकलीचे कागद बघितले, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "झालं. पुढचं कोण?"

मिस्त्री हलला नाही. "फी?"

"फी नाही काका आता."

"मी भरायला तयार आहे."

"मी घ्यायला तयार नाही."

"थोडी तरी घ्या."

बाईंनी चष्मा काढला. "अहो काका, ही काय भाजी आहे का, थोडी घ्या, जास्त घ्या? घेतली तर माझी नोकरी जाईल."

"मी कुणाला सांगणार नाही."

मागं रांगेत कुणीतरी फिस्कन हसलं. बाईंनाही हसू फुटायला आलं होतं. धाकलीनं बापाचा सदरा मागून ओढला. मिस्त्रीचे कान तापले आणि तापल्या डोक्यानं तो म्हणाला, "सगळंच असं वाटत सुटलाय, तर मग मीच घेतो प्रवेश."

"घ्या की," बाई शांतपणे म्हणाल्या. "वयाची अट नाही."

आता अख्खी रांग हसली. मिस्त्री तिथून निघाला तो थेट इमारतीच्या मागच्या अंगाला, जिथं कुणी माणूस नव्हतं. धाकली त्याच्या मागं. आणि तिथं, गवतापलीकडं, त्याला कॉलेजचा मागचा गडगा दिसला.

जुना गडगा होता. कुणीतरी जाणत्यानं रचलेला, थर सरळ, सांधे एकाआड एक. पण मधोमध मोठं खिंडार पडलेलं, दगड दोन्ही बाजूंना घरंगळलेले. मिस्त्रीचा चेहरा असा काही उजळला की धाकलीला वाटलं, बाबांना कुणी नातेवाईक भेटला.

तो परत खिडकीशी गेला, रांग मोडून. "बाई, तुमचा मागचा गडगा पडलाय. तो मी बांधून देतो. मग हिला घ्या."

"हिला घेतलंय हो मघाशीच."

"पण गडगा बांधतो."

रांगेतली माणसं आता कुरकुरत होती. "बांधा बाबा, बांधा," बाई म्हणाल्या. "गुरं आत येतात म्हणून माळी रोज माझं डोकं खातो. पुढचं कोण?"

परत येताना मिस्त्रीचे पाय जमिनीला लागत नव्हते. धाकलीचेही लागत नव्हते, पण तिचं कारण निराळं होतं.

कॉलेज सुरू व्हायला अजून अवकाश होता, सगळीकडं सुटी होती. बागाईतदाराची मनधरणी करून त्यांनी मधले दिवस मागून घेतले. मिस्त्री, बायको आणि मेहुणा अवजारं घेऊन त्याच टेंपोनं कॉलेजला, माळ्याच्या खोलीतच मुक्कामाला गेले. माळी त्यांना खोली उघडून देऊन सुटीवर निघून गेला. धाकलीही बरोबर निघायला लागली तेव्हा मिस्त्रीनं तिला अडवलं. "तुझी फी आहे ही. तू हात लावायचा नाही."

मग त्यांनी काम काढलं. घरंगळलेले दगड आधी वेगळे केले, पायाचे, थराचे, भरीचे. पाया ढिला झाला होता तो उकरून पुन्हा बसवला. मिस्त्रीचा हात असा चालत होता की मेहुण्यालाही बोलायला फुरसत मिळेना. बायकोची कंबर दुखायची तेव्हा ती पहारीवर दोन्ही हात टेकून उभी राहायची आणि आजूबाजूला बघायची. बघता बघता तिला काहीतरी खटकलं.

"अहो, इथं गवत उगवलेलं नाही. पायवाट आहे ही."

"गुरांची आहे. बाईंनी सांगितलं ना."

"हा दगड बघा किती गुळगुळीत झालाय."

"गुरं अंग घासतात."

बायकोनं वाकून जमिनीवरून काहीतरी उचललं. बिस्किटाच्या पुड्याचा कागद होता, आणि एका पेनाचं टोपण.

"गुरं बिस्किटं खातात का?"

"वाऱ्यानं आलं असेल."

"आणि टोपण?"

"अगं, कॉलेज आहे. टोपणं असायचीच. आता कुणाला विचारू, भिंतीला? दगड दे तो."

तिनं दगड दिला. वीस-बावीस वर्षांच्या संसारात, कुठं थांबायचं हे ती शिकली होती. पण टोपण तिनं पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

गडगा झाला तो असा झाला की मिस्त्री स्वतःच चार वेळा लांब जाऊन बघून आला. जुनं कुठं संपलं आणि नवं कुठं सुरू झालं ते कळत नव्हतं. छातीइतका उंच, वरचे दगड एका रेषेत. फी भरली गेली होती. त्याला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना त्यानं मेहुण्याला स्वतःहून चहा पाजला.

कॉलेज सुरू झालं त्या सकाळी धाकली बसनं निघाली. मिस्त्री म्हणाला, मलाही तिकडं जरा काम आहे. काम काही नव्हतं. लेकीला गडगा दाखवायचा होता, एवढंच. बस खेड्याखेड्यांतून पोरं भरत गेली आणि एका गल्लीच्या तोंडाशी थांबली. सगळी बस तिथंच रिकामी झाली. मिस्त्री उतरला आणि बघतो तर समोर त्याचाच गडगा, बाहेरच्या बाजूनं.

बस इथं थांबते, हे त्याला माहीत नव्हतं; सुटीत ती या गल्लीत येतच नसे. आणि तो दोन्ही वेळा टेंपोनं पुढून आला होता.

पोरापोरींचा लोंढा सवयीनं खिंडाराकडं गेला आणि गडग्याला थडकून उभा राहिला. एका बाजूला ओढा होता, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी काटेरी कुंपण. फाटकाकडं जायचं तर परत मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन सगळा वळसा घालायला हवा होता. आतून घंटा ऐकू आली.

"कोणत्या शहाण्यानं बांधलं हे?" एक उंच पोरगा म्हणाला.

दोघांतिघांनी चढायचा प्रयत्न केला. मिस्त्रीचा गडगा, त्याला बोट घालायला फट नव्हती. एकजण कसाबसा वर गेला, तर त्याची कोरी करकरीत पँट गुडघ्यावर टरकन फाटली. तो खाली उतरला आणि मिस्त्रीनं त्याला ओळखलं. बागाईतदाराचा पोरगा.

"पहिल्याच दिवशी उशीर," एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली. "फी माफ केली आणि वाट बंद केली. कुणी केलं हे?"

मिस्त्री लोकांच्या मागं उभा होता. त्याला वाटलं, आत्ता बसमध्ये परत चढावं. बस निघून गेली होती.

"माझ्या बाबांनी," धाकली म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती, पण सगळ्यांनी ऐकलं. सगळे तिच्याकडं वळले. तिचा चेहरा लाल झाला होता, तरी तिनं मान खाली घातली नाही. "त्यांना माहीत नव्हतं. पण गडगा त्यांनी बांधलाय, आणि पडणार नाही तो."

तेवढ्यात मागून धापा टाकत कारकूनबाई आल्या. त्याही याच बसनं येत. त्यांनी गडगा बघितला, मग मिस्त्रीला बघितलं. "काका, हे काय?"

"तुम्हीच म्हणालात, बांधा."

"म्हटलं की. पण तुम्ही मिस्त्री ना? मला वाटलं, वाट ठेवून बांधाल."

बागाईतदाराच्या विहिरीजवळ सकाळच्या प्रहरी छाती पुढं काढून उभा असलेला तो मिस्त्री आता कुठं गेला होता कोण जाणे. इथून कोण जातं, एवढंच विचारायचं होतं. जन्मभर ज्या गोष्टीवरून दुसऱ्यांना बोल लावले, ती तो स्वतः विसरला होता, फी भरायच्या नादात. त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

"व्हा बाजूला," तो म्हणाला. "वरचे दगड आधी निघतात. पायावर पाडून घेऊ नका."

त्यानं पहिला दगड काढून धाकलीच्या हातात दिला. आज त्यानं तिला अडवलं नाही. तिनं तो मागच्या मुलीला दिला, तिनं उंच पोराला, आणि बघता बघता गल्लीभर रांग लागली. पोरं दगड पुढं सरकवत होती, हसत होती, एकमेकांना ओरडत होती. बाईंनीही पर्स खांद्याला अडकवून दोन दगड उचलले आणि मग कंबर धरली. ज्या कामाला तिघांना इतके दिवस लागले होते, ते दुसऱ्या घंटेपर्यंत कमरेएवढं उतरलं, आणि सगळी गर्दी एकमेकांना हात देत पलीकडं गेली. धाकली शेवटी गेली. वरून तिनं मागं वळून बघितलं.

"बाबा, राग नाही ना आला?"

"तुला उशीर होतोय," मिस्त्री म्हणाला. राग कसला, लेकीनं चारचौघांत त्याचं नाव घेतलं होतं.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. पदराची गाठ सोडली आणि पेनाचं टोपण त्याच्यासमोर ठेवलं. मेहुणा दोन दिवस हसत होता.

तिसऱ्या दिवशी बागाईतदार कामावर आला तो तावातावानंच. "माझ्या पोराची नवी पँट फाटली तुझ्या गडग्यानं."

"शिवून देते म्हणते ही," मिस्त्री म्हणाला. मग दगड बसवून, थाप मारून त्यानं विचारलं, "मालक, तुमचा पोरगाही त्याच कॉलेजात का?"

"हो."

"फी भरून?"

बागाईतदार गडग्यावरची नसलेली माती झटकायला लागला. "आता सगळ्यांनाच माफ केल्यावर मी एकटा काय देऊ?"

"मीही तेच विचारायला गेलो होतो. घेत नाहीत."

बागाईतदारानं एक दगड हलतो का बघितला. मग म्हणाला, "त्या कॉलेजच्या खिंडारात काय करणार आहेस?"

"मोकळं ठेवलं तर गुरं शिरतात. बुजवलं तर पोरं अडतात. गडग्यातून आरपार लांब दगड घालायचे, दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारखे बाहेर काढून. माणूस चढून उतरेल, गाय चढणार नाही. पण तेवढे लांब दगड मिळायला हवेत."

"माझ्या जुन्या गोठ्याचे पडलेत. घेऊन जा."

"काय घ्याल त्याचं?"

"राहू दे," बागाईतदार म्हणाला आणि घाईनं विहिरीकडं निघून गेला, कुणी आपल्याला असं बोलताना पकडू नये म्हणून.

रविवारी थोरला ट्रक घेऊन आला. लांब दगड त्यानं आणि मेहुण्यानं मिळून चढवले, गल्लीत नेऊन उतरवले. या खेपेला सगळं घर कामाला होतं. लांब दगड आडवा घालायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी वजन द्यायचं, मग पुढचा जरा वर आणि जरा बाजूला. धाकली फटी बघून चिपा देत होती आणि तोंडानं पुस्तकातलं काहीतरी म्हणत होती, ते मेहुणा चुकीचं म्हणून दाखवत होता. थोरला घामाघूम होऊन हसत होता.

दुपारनंतर काम संपलं. सुटीवरून परतलेला माळी पायऱ्या चढून उतरून आला, पुन्हा चढला, आणि खूश होऊन म्हणाला, "झकास झालं. मिस्त्री, याचं काय द्यायचं? साहेबांना सांगावं लागेल."

"काही नाही," मिस्त्री म्हणाला. "फुकट."

बायको घमेलं आपटून खाली बसली. मेहुण्यानं कानात बोट घालून हलवलं. मिस्त्रीला स्वतःलाही तो शब्द जरा नवा लागला, पण टोचला नाही.

अवजारं गोळा झाली तेव्हा थोरला जागेवर नव्हता. पायऱ्या मजबूत आहेत का बघतो, असं म्हणून तो वर चढला होता आणि पलीकडं उतरला होता. मिस्त्रीनं गडग्यावरून बघितलं. थोरला गवतातून चालत इमारतीपर्यंत गेला होता. बंद वर्गांच्या खिडक्यांना हात लावून तो एकेका खोलीत डोकावत होता, एका खिडकीशी बराच वेळ थांबला. मिस्त्रीला हाक मारावीशी वाटली, पण त्यानं मारली नाही. अंधार पडायला अवकाश होता आणि ट्रक कुठं पळून जात नव्हता.

थोरला हळूहळू परत आला. पायऱ्या चढला आणि वरच्या दगडावर पाय खाली सोडून बसला, लहानपणी बसायचा तसा. चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं. त्यानं हाताला लागलेली पूड विजारीला पुसली.

"बाबा," तो म्हणाला, "इथं वयाची काही अट असते का हो?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. "मी विचारलंय."